हेल्परचा ऑपरेटर करायचाय? मग वर्ग काढायच्या आधी हे वाचा

शिरोली एमआयडीसीत शिफ्ट बदलायच्या वेळेला एक चक्कर मारा. गेटागेटावर बोर्ड दिसतील, 'सीएनसी, व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत', म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं चालवणारी माणसं. आणि त्याच गेटातून ठेकेदाराच्या नावावर आत जाणारी पोरं बघा, कोण बी.कॉम. झालंय, कोण आयटीआय झालंय, कुणी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलाय, आणि दिवसभर कास्टिंग उचलतात नाहीतर फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या खरबरीत कडा घासायला, ग्राइंडर धरून उभी असतात. बोर्ड लावणाऱ्याला माणूस मिळेना आणि आत असलेल्या माणसाला ते काम मिळेना. मधे अंतर किती, तर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हे अंतर कमी करायला कंपन्या, आयटीआय आणि एखादी संस्था एकत्र येऊन ट्रेनिंग चालवतात, ते नीट कसं चालवायचं हे सांगायला बसलोय. मी स्वतः आधी मशीन शॉपला सुपरवायझर होतो, नंतर एका संस्थेसाठी अशा बॅचेस चालवल्या, त्यामुळे उदाहरणं सगळी कोल्हापूरची आणि मशीन शॉपची येणार. तुमच्याकडं वेअरहाऊस असेल, हॉस्पिटल असेल, गारमेंट असेल, तर शब्द बदला, बाकी भानगडी बऱ्याचशा त्याच आहेत.

पहिलं सांगून टाकतो, माझी पहिली बॅच पार फसली होती. तीस पोरं, तीन महिने, कुठून तरी आणलेला सिलॅबस, कॉम्प्युटरवर जी-कोड (मशीनला हुकूम द्यायची भाषा) प्रोग्रामिंग, शेवटी सर्टिफिकेट वाटप, पाहुणे, हार, फोटो, सगळं झालं. मग पोरांना घेऊन कंपन्यांची दारं ठोठावली तर एक मालक म्हणाले, "साहेब, प्रोग्राम करायला माझा माणूस आहे की. मला जॉब लावून, माप घेऊन, माल खराब न करता आठ तास मशीन चालवणारा पाहिजे. तुमच्या पोराला मायक्रोमीटर वाचता येतंय का?" येत नव्हतं. तीसातली चार लागली, बाकीची परत होती तिथं गेली आणि त्यातली दोघं-तिघं अजून मला रस्त्यात बघून गाडी वळवतात.

तेव्हापासून माझा नियम एकच, जागा आधी कागदावर आणि वर्ग नंतर. पुढं जे सांगतोय ते सगळं त्याच्याच पोटातलं.

कंपनीत जाऊन काय विचारायचं

"तुम्हाला किती माणसं लागतील?" हा प्रश्न विचारूच नका. याचं उत्तर कायम "पाच-दहा द्या की" असं येतं आणि त्याला काही अर्थ नसतो, कारण बोलायला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी विचारा, गेल्या सहा महिन्यांत मशीनवरून कोण कोण सोडून गेलं आणि कुठं गेलं. रात्रपाळीला कुठलं मशीन माणूस नाही म्हणून बंद असतं. नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात तुम्ही काय शिकवता आणि कोण शिकवतं. मागच्या महिन्यात रिजेक्शनला गेलेला माल कुठल्या चुकीनं गेला. हे विचारलं की मालक फोन बाजूला ठेवून बोलायला लागतो, सुपरवायझरला हाक मारतो, आणि खरी गरज बहुतेक वेळा त्या सुपरवायझरच्या तोंडून बाहेर पडते.

आणि नुसतं ऑफिसात चहा पिऊन येऊ नका. अर्धी शिफ्ट तरी मशीनजवळ उभं राहा. ऑपरेटर काय काय करतो ते वहीत लिहा, त्याच्याच शब्दांत. जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) फिक्स्चरला बसवतो, क्लॅम्प करतो, पहिला पीस काढून क्वालिटीला दाखवतो, ठराविक पीस झाले की माप घेतो, इन्सर्ट (कापणारं पातं) झिजलं की बदलतो, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देतो, बर काढतो, कूलंट बघतो, शिफ्ट सुटताना पुढच्याला सांगून जातो. अशी बारा-पंधरा कामं निघतात. तोच तुमचा सिलॅबस. छापील अभ्यासक्रम नंतर त्याच्याशी ताडून बघा, सर्टिफिकेटसाठी तो लागणारच आहे, पण सुरुवात त्या वहीपासून.

एकाच कंपनीवर बॅच उभी करू नका. ऑर्डर कमी झाली की ती कंपनी सगळ्यात आधी तुमच्या पोरांना "पुढच्या महिन्यात बघू" म्हणते. पाच-सहा कंपन्या घ्या, साधारण एकाच प्रकारचं काम करणाऱ्या आणि एकाच पट्ट्यातल्या, म्हणजे शिरोलीच्या तर शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या तर गोकुळ शिरगावच्या. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतली कंपनी करवीरच्या पश्चिमेकडच्या गावातल्या पोराला रोज परवडत नाही, पेट्रोलमध्येच पगार जातो. मालकांना एकत्र बसवायचं म्हटलं की एक भीती हमखास निघते, "शेजारचा माझी माणसं पळवेल." ती खोटी नाही. पण आत्ता ट्रेनिंग नसतानाही तो पळवतोयच ना? उलट पाच जणांनी मिळून पंधरा माणसं तयार केली तर एकमेकांची ओढाओढ थोडी तरी कमी होते, हे मी त्यांना सांगतो, निम्म्यांना पटतं, निम्मे मान डोलावतात आणि घरी जातात. पटलेले निम्मे पुरतात.

मग एक पानाचा कागद करा. वकिली भाषा नको. कुठलं मशीन, किती माणसं, कुठल्या महिन्यात घेणार, सुरुवातीला हातात किती पडणार, तीन महिन्यांनी किती होणार, आणि कंपनीकडून कोण माणूस ट्रेनिंगला वेळ देणार त्याचं नाव. सही मालकाची, एचआरची नाही. सही द्यायला जो टाळतो त्याच्याकडं खरी जागा नाही असं खुशाल समजा.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली आयडिया नाही बरं का. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात १९९० ला लिव्हायस जीन्सवाल्यांची फॅक्टरी बंद पडली, हजारभर लोकांचं काम गेलं, त्यात बहुतेक बायका. तिथल्या वस्ती-चर्चमधल्या लोकांच्या संघटनांनी सरकारी ट्रेनिंगकडं बघितलं तर लोक शिकून परत कमी पगारातच अडकत होते. म्हणून त्यांनी १९९२ ला प्रोजेक्ट क्वेस्ट सुरू केला आणि आधी जाऊन कंपन्या-हॉस्पिटलांकडून जागांचा शब्द घेतला, मग माणसं शिकवायला घेतली. त्यांनी मुलं सांभाळायची सोय, जायचं-यायचं भाडं, अडीनडीला सल्ला देणारा माणूस हे पण जोडलं, त्याच्याकडं पुढं येतोच.

पगाराचं गणित आधी करा

इथं शिकलेले लोक पण चुकतात. आपण म्हणतो हेल्परपेक्षा ऑपरेटरला पगार जास्त, मग पोरं का येईनात? कारण हेल्पर बारा-बारा तास काढतो, ओटी धरून महिन्याच्या शेवटी हातात जे पडतं त्याच्यावर त्याचं घर चालतं. तुमचा शिकाऊ ऑपरेटर आठ तास करणार, ओटी नाही, हातात त्याच्यापेक्षा कमी. त्याला कळतंय की दोन वर्षांनी फायदा आहे, पण गाडीचा हप्ता या महिन्यात आहे. त्यामुळं तुलना करताना पगाराच्या आकड्याशी आकडा लावू नका, हातात पडणाऱ्या रकमेशी हातातली रक्कम लावा. फरक किती आणि किती महिने, ते काढा, आणि तो फरक कोण भरणार हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सरकारी वाटा आहेत, त्यातली कुठली कुणाला लागते ते बघू.

अप्रेंटिसशिप सगळ्यात सरळ. कायदा १९६१ चा, २०१४ ला बराच सुटसुटीत केला, २०१९ ला नियम बदलले. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं, ठेकेदाराची धरून, तिला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. आपल्याकडच्या लहान शॉपना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं अप्रेंटिस म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम. समजा चाळीस माणसांचं शॉप आहे तर कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा अप्रेंटिस बसतात.

किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी दहावीवाल्याला ६,०००, बारावीवाल्याला आणि आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० धरलंय, दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. हे आकडे अधूनमधून बदलतात म्हणून करार करायच्या दिवशी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर बघूनच भरा. नॅप्स म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत या किमान विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट पोराच्या खात्यावर टाकतं. पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स ही वेगळी केंद्राची योजना आहे, तिथं सरकारचा वाटा निम्मा, आपल्या भागाचं काम मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून चालतं. किमान म्हणजे किमान, कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही. मी मालकांना सरळ सांगतो, ७,००० मध्ये तुम्हाला अठरा वर्षांचा घरी खाणारा पोरगा मिळेल, सव्वीस वर्षांचा लग्न झालेला हेल्पर मिळणार नाही, आणि मशीनवर शांत डोक्यानं टिकणारा तोच दुसरा असतो.

अप्रेंटिसशिपचा एक काटा नीट समजून घ्या. कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे. त्याला पीएफ नाही, आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम पण करून घेता येत नाही. सुरक्षेचे नियम मात्र लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. शिवाय संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे अशी सक्ती कंपनीवर नाही, आणि पोरावरही तिथंच राहायची नाही, करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून तो एक पानाचा कागद लागतो. जो हेल्पर आज पीएफ कापून घेतोय त्याला अप्रेंटिस करताना हे सगळं तोंडी समजावून सांगा, घरच्यांसमोर. नंतर "आम्हाला सांगितलंच नव्हतं" हे ऐकायला लागू नये.

ज्याला काम येतंय पण कागद नाही, असा चार वर्षं मशीनजवळ काढलेला हेल्पर असेल तर त्याला आरपीएल, म्हणजे आधीच्या शिक्षणाची मान्यता. थोड्या दिवसांचं ओरिएंटेशन, परीक्षा आणि सर्टिफिकेट. याच्यानं आपोआप पगार वाढत नाही, हे पण सांगून ठेवा. मी आरपीएल फक्त तिथंच करतो जिथं मालकानं "सर्टिफिकेट आणलं की ग्रेड बदलतो" असं लिहून दिलंय, नाहीतर तो कागद फ्रेम करून भिंतीला.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन सरकारच देतं. मालकांना ही आवडते कारण खिशातून जात नाही. मला त्याच कारणानं जरा भीती वाटते. स्वतःचे दोन पैसे घातले नाहीत तर पोराला शिकवायची घाई कुणालाच नसते, झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला बसवतात. घ्यायची तर घ्या, पण कुठल्या महिन्यात कुठल्या मशीनवर हे त्या एका पानात घालूनच.

आणि मोठ्या कंपनीकडं सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा कंपनीचा पैसा, मागायला जाणार असाल तर, रोजगारासाठीचं कौशल्य शिक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतं, पण फक्त स्वतःच्याच कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे पुरवठादार शॉपसाठी बाहेरची पोरं तयार करायला पैसे मागा, तिथं मिळू शकतात. हा पैसा मी पेट्रोल, डबा आणि विद्यावेतनातला फरक भरायला वापरतो. एसी वर्गखोलीला नाही.

कोण काय करणार

आयटीआयकडं मशीन आणि निदेशक, म्हणजे शिकवणारा, असतो. आपल्याकडं कळंब्याला सरकारी आयटीआय आहे, राज्यात अशा सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत, म्हणजे तुमच्या तालुक्यातही असणारच. प्राचार्यांना भेटताना दोन गोष्टी विचारा. एक, ड्युअल सिस्टीम म्हणजे डीएसटीखाली कंपनीशी करार करता येईल का, त्यात थिअरी आयटीआयत आणि प्रॅक्टिकलचा मोठा भाग कंपनीत होतो. दुसरं, त्यांची संस्था व्यवस्थापन समिती जिवंत आहे का. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयना पीपीपी म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीच्या योजनेत अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज देऊन अशा समित्या केल्या होत्या, अध्यक्ष उद्योगातला माणूस. काही ठिकाणी समिती खरंच काम करते, काही ठिकाणी सह्यांपुरती भेटते. जिवंत असेल तर तुमचं निम्मं काम तिथंच होतं, कारण संध्याकाळी वर्कशॉप उघडं ठेवायची परवानगी, विजेचं बिल, निदेशकाचं मानधन असल्या बारीक गोष्टी तीच सोडवते.

कंपनीनं द्यायचं ते म्हणजे रिजेक्ट कास्टिंग, जुनी इन्सर्ट, ड्रॉइंगच्या कॉप्या, आणि आठवड्यातून दोन तास एक चांगला सेटर, म्हणजे नवीन जॉबसाठी मशीन लावून देणारा जाणता माणूस. रिजेक्ट कास्टिंग मागायला लाजू नका, कोल्हापुरात फाउंड्री काय कमी आहेत? सेटर मिळवणं अवघड. त्याला त्या दोन तासांचे वेगळे पैसे द्यायला कंपनीला सांगा, नाहीतर तो येतो पण शिकवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही, उद्या हाच पोरगा आपल्या जागेवर बसेल ही धास्ती त्याला असणारच.

संस्थेचं काम घरापर्यंत जाणं. आणि या सगळ्यांत एक माणूस असा लागतो ज्याचा फोन मालकही उचलतो, निदेशकही उचलतो आणि पोराची आईही उचलते. तो पूर्ण वेळ ठेवा, पगार द्या. बाकी कुठं काटकसर करायची ती करा, या माणसात नको.

पोरं कुठून आणि कशी घ्यायची

पेपरात जाहिरात दिली की आधीच शोधणारी येतात, अडकलेली येत नाहीत. बारा तास करणारा पेपर कधी वाचणार? मी गावच्या दूध डेअरीच्या सचिवाकडं जातो, त्याला कुणाचा पोरगा काय करतो, कुणाच्या घरात काय अडचण आहे, सगळं ठाऊक. ठेकेदारांशी पण बोलतो, ते आधी नाराज होतात कारण त्यांची माणसं जातात, पण दोन बदली माणसं कुठून मिळतील हे आपण बघितलं की गप्प बसतात. आणि एक बॅच नीट लागली की पुढची बॅच तीच पोरं आणतात.

मार्क बघू नका. मी टेबलावर व्हर्नियर, एक बेअरिंग आणि एक साधं ड्रॉइंग ठेवतो. व्हर्नियर कसं वाचायचं ते दहा मिनिटं शिकवतो आणि मग बेअरिंग मोजायला लावतो. आलंच पाहिजे असं नाही, पण चुकल्यावर परत मोजतो का, की अंदाजे सांगून मोकळा होतो, ते बघतो. मग ०.०३ मोठं का ०.३ मोठं असं विचारतो. हसू नका, यात पदवीधर पण अडकतात, आणि मशीनवर या एका टिंबानं माल जातो. दहा मिनिटांत शिकता येतं, फक्त कुठं अडकलंय ते आधी कळायला पाहिजे.

बायकांना पण घ्या, मापाच्या आणि इन्स्पेक्शनच्या कामात त्यांचा हात बसला की बसला. पण कंपनीत वेगळं टॉयलेट आहे का, फर्स्ट शिफ्ट मिळणार का, आणि गावातून एसटी त्या वेळेला आहे का, या तीन गोष्टी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कुणाच्या घरी विचारायला जाऊ नका.

वर्गाची वेळ हा तर स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडं सकाळी धार काढून, डेअरीला दूध घालून पोरगा मोकळा होतो, संध्याकाळी परत धार. एकदा आम्ही वर्ग सहा ते आठ ठेवला, हजेरी बघून डोकं धरून बसलो, पोरं आळशी म्हणून दोघांना झापलं पण. मग एकाच्या घरी गेलो तर म्हातारी एकटी दोन म्हशींची धार काढत होती. दुसऱ्या दिवसापासून वर्ग साडेसातला, हजेरी आपोआप भरली. तसंच राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडची पोरं असतील तर भात रोपलावणीच्या दिवसांत बॅच सुरू करू नका, आणि परीक्षेची तारीख जोतिबाच्या यात्रेवर पडत नाही ना हे कॅलेंडरमध्ये बघा.

कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात गोळा करा. आधारवरचं नाव एक, मार्कलिस्टवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि खातं आधारला जोडलेलं नाही. याच्यात विद्यावेतन अडकतं, आणि दोन महिने पैसे आले नाहीत की पोरगा परत ठेकेदाराकडं. त्याला तुम्ही अडवू शकत नाही आणि अडवू पण नये.

शिकवायचं काय

आधी माप, बाकी सगळं नंतर. पहिले दोन आठवडे मशीनला हात लावू देत नाही, पोरं कुरकुरतात. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, भोक मोजायचं बोअर गेज, प्लग गेजची गो आणि नो-गो बाजू (भोक मापात असेल तर एक आत जाते, दुसरी जात नाही). तोच तुकडा पाच जणांनी मोजायचा आणि आकडे फळ्यावर लिहायचे. पाच वेगळे आकडे आले की वर्गात जो गोंधळ होतो त्यातून पोरं जेवढं शिकतात तेवढं माझ्या बोलण्यातून कधी शिकली नाहीत.

मग ड्रॉइंग. पूर्ण ड्रॉइंग वाचायला शिकवत बसू नका, त्या पाच-सहा कंपन्यांत जे जॉब चालतात त्यांचीच ड्रॉइंग घ्या, कुठलं माप महत्त्वाचं आणि त्याची टॉलरन्स किती, म्हणजे किती कमी-जास्त चालतं, एवढं सांगता आलं की पुढं.

मग ऑफसेट. यावर वेळ घालवा, कारण ऑपरेटर आणि हेल्पर यांच्यातला खरा फरक इथं आहे. सीएनसी लेथवर चालता चालता इन्सर्ट झिजतं, जॉबचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. समजा ०.०३ मोठा आला, तर एक्सच्या वेअर ऑफसेटला, म्हणजे झिजेसाठीच्या व्यासाच्या दुरुस्तीला, उणे ०.०३ द्यायचं. घाईत उणे ०.३ दिलं की पुढचा पीस ०.२७ लहान, गेला भंगारात, परत वाढवता येत नाही. मी कंपन्यांतून रिजेक्शनचे असे खरे पीस आणून टेबलावर मांडतो, प्रत्येकाला एक देतो आणि विचारतो, हा कसा मेला सांग. कुणाचा ऑफसेटनं गेलेला असतो, कुणाचा जॉबखाली चिप अडकून वाकडा बसलेला, कुणाचं इन्सर्ट तुटलेलं कळलंच नाही म्हणून. पोस्टमॉर्टेमचा तास म्हणतात पोरं त्याला, हा तास कुणी चुकवत नाही. आणि यातून एक सवय लावायची, ऑफसेट दिला की लिहायचा आणि पुढचा पीस मोजल्याशिवाय तिसरा लावायचा नाही.

प्रोग्रामिंग तोंडओळखीपुरतं. कुठल्या ओळीला टूल बदलतो, मधेच थांबलं तर कुठून सुरू करायचं नाही, एवढं. ज्याला आवड आहे तो वर्षभरानं स्वतः शिकतो.

बोलणं पण शिकवावं लागतं, ते सॉफ्ट स्किलवाले टाय घालून इंग्रजीत शिकवतात तसलं नाही. चुकून माल खराब झाला तर सुपरवायझरला लगेच जाऊन सांगायचं, लपवायचं नाही, आणि सांगायचं कसं. शिफ्ट सोडताना पुढच्याला काय सांगून जायचं. आठ तास उभं राहायची सवय, वेळेवर येणं, सेफ्टी शूज, फिरत्या चकजवळ (जॉब पकडून फिरवणारा भाग) हातमोजे घालायचे नाहीत. याची आम्ही सरळ नाटकं करून प्रॅक्टिस घेतो, एक पोरगा चिडका सुपरवायझर होतो, फार भारी करतो.

सातव्या-आठव्या आठवड्यापासून अर्धे दिवस त्याच कंपनीत, त्याच मशीनवर, जिथं तो लागणार आहे. दुसऱ्या कंपनीत शिकवून तिसऱ्यात पाठवलं की सगळं परत पहिल्यापासून.

नोकरी लागल्यावर तुमचं काम सुरू होतं

पहिले नव्वद दिवस फोन बंद ठेवू नका. सोडून जायची कारणं मी लिहून ठेवत आलोय आणि त्यात 'काम जमलं नाही' हे फार कमी वेळा येतं. येतं ते असं, सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, सांगितलेला पगार आला नाही, एकदम रात्रपाळी लावली, गाडी बंद पडली आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, घरात आजारपण. यातलं निम्मं एका फोननं आणि एका भेटीनं सुटतं. गाडी दुरुस्तीला दीड-दोन हजार उसने मिळाले नाहीत म्हणून तीन महिन्यांचं ट्रेनिंग पाण्यात गेलेलं बघितलंय, तेव्हापासून आम्ही एक छोटा अडीनडीचा फंड ठेवतो, पोरं हप्त्यानं परत करतात.

सुपरवायझरला पण सांभाळायला लागतं. त्याच्या डोक्यावर प्रॉडक्शनचा आकडा आणि तुम्ही त्याला कच्चा माणूस देताय. मालकाशी आधीच बोलून घ्या की पहिला महिना त्या मशीनचं टार्गेट कमी धरायचं, नाहीतर सगळा राग पोरावर निघतो. आणि त्या शेडमधला एक जुना ऑपरेटर जोडीला द्या, जोडीदार तीन महिने टिकवला तर त्याला काहीतरी बक्षीस ठेवा, आम्ही दिवाळीच्या आधी देतो.

मालकांची कायमची तक्रार, "शिकवलं की पळतात." मी विचारतो, तीन महिन्यांनी वाढवतो म्हणाला होता, वाढवला का? बऱ्याचदा उत्तर येतं, "बघतोय, पुढच्या महिन्यात." शेजारचं गेट पन्नास पावलांवर आहे आणि तिथं त्याला आजच जास्त देतात. अशा वेळी तो एक पानाचा कागद बाहेर काढायचा, आवाज न चढवता, सही दाखवायची. दोघा-तिघांबरोबर यावरून वाजलं पण आहे माझं. एकाला पुढच्या बॅचमधून सरळ वगळला, वर्षभरानं स्वतःहून फोन आला.

उलटं पण होतं, पोरगा खरंच दोन महिन्यांत पाचशे रुपयांसाठी पळतो. त्याला शिव्या घालून उपयोग नाही, पण त्याला हे आधी सांगायचं की सेटर व्हायला एकाच प्रकारच्या मशीनवर दोन-तीन वर्षं काढावी लागतात आणि पगाराची खरी उडी तिथं आहे. ऐकणारे ऐकतात.

नोंदी कुठल्या ठेवायच्या

फंड देणाऱ्याला 'किती ट्रेन केले' हा आकडा आवडतो. तो द्या त्याला. स्वतःच्या वहीत मात्र वेगळं लिहा, प्रत्येक पोराचं नाव, ट्रेनिंगच्या आधी हातात किती पडत होतं आणि किती तास करून, लागल्यावर किती, सहा महिन्यांनी कुठं आहे, त्याच मशीनवर की परत पॅकिंगला. परत पॅकिंगला दिसला तर ती प्लेसमेंट धरायची नाही, कंपनी काही म्हणू दे. आणि एक कॉलम मालकाचा, त्या मशीनचं रिजेक्शन आधी किती आणि आता किती. हा शेवटचा कॉलम भरला असेल तर पुढच्या वर्षी सह्या मागायला फार बोलावं लागत नाही, वही उघडून समोर सरकवायची.

सुरुवात करणार असाल तर या आठवड्यात दोनच शॉप बघा, पहिल्याच दिवशी पाचांच्या मागे लागू नका. आणि जाताना सेफ्टी शूज घालून जा, मी पहिल्यांदा चपलेवर गेलो होतो तर वॉचमननं गेटवरूनच परत पाठवलं.